हातात आलेली तार

(समुद्रपूर. लक्ष्मणरावांच्या घराची ओसरी. मुलगी अंकिता पुण्याहून आत्ताच येऊन बसली आहे.)

लक्ष्मणराव : तार निंघाली म्हंजे? कोनती तार?

अंकिता : प्रयोगातली, बाबा. मायक्रोवेव्हची. सोमवारी सहज हात लावला, तर हातातच आली. आतून तुटलेली होती.

लक्ष्मणराव : मंग जोडून घ्याची. तीस वर्सं शाळेच्या लॅबमंधी मी तेच तं केलं.

अंकिता : तार माझ्या हातात होती, अन् समोर उजेड चालू-बंद होऊनच राह्यला होता.

लक्ष्मणराव : मले नाई समजलं.

अंकिता : काचेच्या नळीत रुबिडियमची वाफ असते. धातूची वाफ. तिच्यातून लेझर सोडायचा. मायक्रोवेव्हच्या लहरी दिल्या की वाफ उजेड अडवते, बंद केल्या की जाऊ देते. वायूतलं उजेडाचं बटण. त्याचाच शोधनिबंध, पेपर, छापून आला ना माझा. पण तारच तुटली, तर मायक्रोवेव्ह नळीपर्यंत जातच नव्हते.

लक्ष्मणराव : मंग उजेड कोन अडवे?

अंकिता : मायक्रोवेव्हचं मशीन लेझरच्याच लाइनवर होतं. ते चालू झालं की लेझरले वीज जराशी कमी पडे. त्याचा रंग सरके, अन् सरकलेला रंग वाफ अडवे.

लक्ष्मणराव : पंप लावला का घरातला बल्ब मंद होते, तसं?

अंकिता : तस्संच. लाइन वेगळी केली, नवी तार लावली. आता काहीच होत नाई. किती दिवसांपासून तुटली होती, देव जाणे.

लक्ष्मणराव : तुया सरायले सांगतलं?

अंकिता : सांगितलं. म्हणाले, कोणाच्या ध्यानात येत नाही. पुढच्या पेपरात हळूच दुरुस्त करू.

लक्ष्मणराव : मोठा मानूस हाय थो, उगाच नाई बोलत. आज पाच वाजता शाळेत तुया सत्कार हाय, माय. कार्डं वाटून झाले. त्या शाळेत मी जलमभर इस्टेजवर दुसऱ्याच्या खुर्च्या लावल्या. आज मले वर बसवून राह्यले. दोन दिवस चूप राय ना. कोनी पाह्यलं तं नाई!

अंकिता : मी पाह्यलं ना, बाबा.

लक्ष्मणराव : मंग आता काय करतं?

अंकिता : पेपर मागे घेते म्हणून छापणाऱ्या मासिकाला मेल पाठवली. आज सकाळी, बसमधून.

लक्ष्मणराव : पाठोली? मले न इचारता? काऊन?

अंकिता : तुम्ही नको म्हटलं असतं, तर मी थांबली असती.

लक्ष्मणराव : अन् तू जर्मनीले शिकाले जाणार होती, त्याचं?

अंकिता : ते याच पेपरवर होतं. गेलं.

लक्ष्मणराव : येवढं सांगून राह्यली, अन् बसली कशी हायस दगडावानी! रड तरी.

अंकिता : येतच नाई रडू. सोमवारपासून काहीच वाटत नाई. कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं, तर गावाचं नाव आठवेना. मागच्या बाईनं सांगितलं, ही आपल्या लक्ष्मणरावची पोरगी, समुद्रपूरचं तिकीट द्या.

लक्ष्मणराव : जेवली होती का काल?

अंकिता : माहीत नाई.

लक्ष्मणराव : घरात भाकर हाय, वांग्याची भाजी हाय. पयले जेवजो.

अंकिता : जेवते. मग शाळेत जाऊन सांगून येते.

लक्ष्मणराव : तू नोको जाऊ. कार्डं मी वाटले. लाव हेडमास्तरायले फोन.

अंकिता : बाबा, मी बोलते ना.

लक्ष्मणराव : लाव म्हन्तो ना.

अंकिता : घ्या. घंटी जाऊन राह्यली.

लक्ष्मणराव : हालो, सर? लक्ष्मण बोलतो, लॅबवाला. हो, आली ना पोरगी, समोरच हाय. सर, सत्कार राहू द्या. तिचा प्रयोग चुकला, तिनंच धरला अन् तिनंच कळवून टाकलं. नाई, नाई, ती बरी हाय. मीच तिले चूप राय म्हटलं होतं, सर. आत्ताच. इथंच बसून.