फुकट आणि शिक्क्याशिवाय

वकीलसाहेब अजून कोर्टातून आले नव्हते. कारकूनबाई घटस्फोटाचा अर्ज टाचत होत्या, पण त्यांचे कान समोरच्या बाकावर बसलेल्या नवरा-बायकोकडे लागले होते.

"अखेर सापडलं बघ, व्हिडिओ एडिट करायचं सॉफ्टवेअर. फुकट, आणि कोपऱ्यात कंपनीचा शिक्काही येत नाही."

"कुठला व्हिडिओ?"

"आपल्या लग्नाचा."

"सहा वर्षं झाली त्याला!"

"अगं, पहिल्यात शिक्का यायचा. दुसऱ्यात आवाज मागे पडायचा. तिसरं बरं होतं, पण चौथं बघितल्याशिवाय कसं ठरवणार?"

"माझे बाबा शेवटपर्यंत विचारत होते, जावईबापू कधी दाखवणार म्हणून."

"त्यांना काय शिक्का मारलेला दाखवायचा?"

"त्यांना त्यात मी दिसले असते ना! शिक्क्याचं काय घेऊन बसलायस?"

कारकूनबाईंनी अर्ज पुढे सरकवला. बायकोनं उभ्याउभ्याच सही ठोकली.

"आता तुमची."

त्यानं पेन घेतलं, रद्दी कागदावर रेघ ओढून पाहिली आणि खाली ठेवलं.

"दुसरं आहे का? हे जरा अडकतंय."

कारकूनबाईंनी पेनांचा डबा उचलला.

"अहो बाई," बायको ओरडली, "अख्खा डबा नका देऊ त्याला!"