भोगीला बिनतेलाचं बेक

...नाही, थंडीबद्दल माझं काही म्हणणंच नाही हो! नाशिकची थंडी, ती पडणारच! पण थंडीत माणसानं खावं काय? तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, भोगीची भाजी, तिच्यावर चांगला बोटभर तेलाचा तवंग... आणि आमच्या घरी काय? बेक! तुम्हाला सांगतो, डॉक्टर नुसतं म्हणाला, "जयरामराव, रक्तात चरबी आहे, तेल जरा बेतानं," तर आमच्या बायकोनं, सुमननं, तेलाची बरणीच माळ्यावर चढवली! आता अख्ख्या घराला तेल किती? एक चमचा! तोही चहाचा!

बरं, ही विद्या आणली कुठून? देवळाली कॅम्पातून! तिथे कुणा मेजरसाहेबांच्या मिसेस थंडीतल्या पदार्थांचा क्लास घेतात. ही गेली बसनं आणि आली ती ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन मांडीवर घेऊन. झाकणाला काच. काच कशाला? तर आत आपल्या नशिबाचं काय चाललंय ते बघायला! गाजर, रताळं, बीट, मुळा, जमिनीखालचं जे जे सापडेल त्याच्या चकत्या, त्यावर साय काढलेलं दूध, त्यावर पावाचा चुरा. अहो, मुळा आणि दूध! वर ही म्हणते, "बघा ना, कसा गुलाबी रंग आलाय!" रंग काय भिंतीला देऊ? आणि तेल? एक चमचा! तोही चहाचा!

मी ठरवलं, काही झालं तरी भोगीला खरी भाजी खायचीच. आपलं तर घरात चालत नाही, म्हणून चांदवडहून मोतीरामदादाला बोलावलं. माझा थोरला भाऊ. कांद्याचा शेतकरी, भाकरीवर तेल ओतल्याशिवाय घास उतरत नाही असा माणूस! मीठ कमी पडलं तर ताट थेट अंगणात! आणि थोरल्या दिरापुढे सुमनची काय टाप आहे बोलायची?

दादा आला. नाकापर्यंत मफलर. पानावर बसला. सुमननं वाढलं काय? भोगीच्या दिवशीसुद्धा बेक! मी मनात म्हटलं, आता उडतंय ताट... उडतंय... दादानं मफलर सोडला आणि तोंड उघडलं. आत एक दात नाही हो!

"दातांच्या शिबिरात काढले रं समदे," म्हणाला. "भाकर बघितली की नुसतं रडू येतंय."

मग घास घेतला. थांबला. डोळ्यांत पाणी! "सुमन, लय मऊ हाय गं पोरी! वाढ अजून! तेल किती घातलं?"

"एकच चमचा, दादा."

"तोही चहाचा!" मी ओरडलो. ऐकतंय कोण? दादा भांडं खरवडत होता!

बरं, जेवून गावाला जाईल म्हणावं, तर छे! कवळी नाशकातच बसवायची, आणि त्याआधी म्हणे हिरड्या नीट भरून याव्या लागतात. "तवर हितंच ऱ्हातो. घरी भाकर कुस्करून देत्यात, ती बी गिळवत नाय." सुमनला तर आकाश ठेंगणं! ओव्हन दोन्ही वेळा पेटलेला, आणि दादा काचेतून आत बघत बसलेला. माझ्याकडे बघून म्हणतो कसा, "जयराम, नशीब काढलंस गड्या!"

तेव्हापासून मी रोज सकाळी कुडकुडत काळारामाच्या देवळात जातो. लोक तिथे मुलाच्या नोकरीसाठी, मुलीच्या लग्नासाठी साकडं घालतात... आणि मी डोळे मिटून, हात जोडून, थोरल्या भावाच्या हिरड्यांसाठी!