माहेरचं नाव सांगा

माझा जन्म माढ्याच्या बाजूचा, माढ्यापासनं दोन कोसावर आमचं खेडं. वडील दुसऱ्याच्या रानात सालानं राबायचे, पर मला शाळंत घातली, का तर आमचा मास्तर लई चिवट माणूस, दारात येऊन बसायचा आन् पोरीला पाठवल्याबिगर उठायचाच न्हाय. असं करत सातवी झाले. अक्षर काय लई देखणं न्हवतं, पर सुदं व्हतं, कुणालाबी वाचता यायचं. मंग लगीन होऊन सोलापुरात आले, शुक्रवार पेठेत, आमचे मालक गिरणीत कामाला. लग्नात ताटात तांदूळ पसरले आन् मालकांनी त्यात अंगठीनं माझं नवं नाव लिवलं, शेवंता. त्या दिसापासनं आदीचं नाव बंद. मला तवा काय वाटलं न्हाय, खोटं कशाला बोलू, समद्या पोरींचं तसंच व्हायचं.

मोठ्या दवाखान्यात मला आयाचं काम लागलं ते बहात्तरच्या दुष्काळात. खेड्यापाड्यातनं माणसं बैलगाडीत घालून आणायची, वार्डात खाली सतरंज्यांवर पेशंट, पाय ठिवायला जागा न्हाय. तवा एक पोरगी आली, तेरा-चवदा वरसांची, पायात खिळा घुसून पाय पाक सुजलेला. संगं आई-बाप. समदे तिला सोनी सोनी म्हणायचे. शिस्टरनं तिच्या हातावर जरासं औषध टोचलं, टेस्ट म्हणतात त्येला, अंगाला सोसतंय का बघायला. मी शेजारचीच चादर बदलत व्हते, आन् काय सांगू तुमाला, बघता बघता पोरीचं त्वांड सुजलं, व्हट एवढाले झाले, छाती नुसती वरखाली, वारा म्हणून आत जाईना. मी तिला धरून बसले, तिची नखं माझ्या दंडात रुतली व्हती. डाक्टर पळत आले, दुसरं इंजेक्शन दिलं, नळी लावली, तवा कुटं घटकाभरानं पोरगी माघारी आली. मंग डाक्टरांनी तिच्या केसपेपरवर लाल शाईनं आडवं मोठ्ठं लिवलं, हे औषध हिला जल्मात द्यायचं न्हाय, टेस्टलाबी न्हाय. लिवताना मी बघितलं, पर औषधाचं नाव इंग्रजीत आन् मी मराठी सातवी. तिच्या आईला मी च्या आणून दिला. बाई माझ्या खांद्यावर डोकं ठिवून रडली. तिच्या हनवटीवर गोंदणाचे तीन ठिपके व्हते, तेवढे माझ्या ध्यानात ऱ्हायले.

पुढं वरीसभरानं मला रेकाटात घातलं. रेकाट म्हंजे जुन्या केसपेपरांची खोली, लाल कापडात बांधलेली गाठोडी छताला लागलेली, धूळ म्हणाल तर शिंका थांबायच्या न्हाईत. आमचे साहेब कुलकर्णी भाऊसाहेब, बामणाचा माणूस, सोवळ्यातल्या भांड्यागत जपायचे त्या गाठोड्यांना, कुणाला हात लावू द्यायचे न्हाईत. एक जाडजूड वही व्हती, तिच्यात पेशंटचं आडनाव, नाव, बापाचं न्हायतर नवऱ्याचं नाव, आन् म्होरं नंबर. नंबर घावला की पेपर घावला. न्हाय घावला तर पेशंट नवीन, संपला इषय.

आन् खिडकीवर मीच. आता बाईमाणूस नवऱ्याचं नाव घेईल व्हय? म्या इचारायचं, मालकांचं नाव काय, की बाई पदर तोंडात धरून हसणार. मंग रांगेतली मागची सांगणार, हिचा मालक न्हवं का तो, अण्णा. अण्णा म्हंजे काय नाव झालं का? पर तसंच लिवायचं, मागनं गर्दी रेटत असायची. साखर पेठेतल्या विणकऱ्यांच्या तेलगू बाया तर लेकाला म्होरं ढकलायच्या, सांग रं बाबाचं नाव म्हणून. मी कुणाला हसू, मी सुदा आमच्या मालकांचं नाव उखाण्याबिगर घेतलं न्हाय, आन् आता दवाखान्याच्या खिडकीपाशी उखाणा कोण घेतंय.

तर त्या दुष्काळानंतर तीन-चार वरसांनी, दुपारची सुट्टी व्हायला आलेली, तरी खिडकीला ही गर्दी, आन् बाळंतिणीच्या वार्डातनं चिठ्ठी आली. लक्ष्मी मारुती कदम, जुना पेपर असंल तर पाठवा. म्या वही बघितली, कदमांची चार पानं बघितली, न्हाय. भाऊसाहेब म्हणले, नवीन पेशंट हाय, कोरा पेपर कर आन् दिऊन ये. मी कोरा पेपर केला, वर नाव लिवलं, आन् वार्डात गेले.

खाटंवर अठरा वरसांची पोरगी, घरीच बाळंत होऊन आठ दिस झालेले, तापानं भाजत व्हती, डोळं उघडीना, बरळत व्हती. ताप अंगात भिनलाय, आजच्या आज इंजेक्शन चालू केलं न्हाय तर हाताला लागणार न्हाय असं डाक्टरीणबाई शिस्टरला सांगत व्हत्या. सासू बाळाला मांडीवर घिऊन बसलेली, दांडगी बाई, आवाज खणखणीत. शिस्टरनं इचारलं, हिला कंचं औषध सोसत न्हाय असं काय हाय का? सासू म्हणली, आमच्या घरात आल्यापासनं एक सुई टोचली न्हाय हिला, दगडागत हाय माझी सून. आन् खाटंच्या पायथ्याला आणिक एक बाई व्हती, खाली मान घालून पोरीचे तळपाय चोळत. तिनं मान वर केली आन् म्या हनवटी बघितली. तीन ठिपके.

माझ्या हातातला पेपर खाली पडला. ही सोनी! म्या त्या बाईला म्हणलं, मावशी, मला वळखलं का, दुष्काळात तुमच्या पोरीला इंजेक्शनानं झालं व्हतं, तवा मी व्हते की. बाईनं माझ्याकडं बघितलं, मंग सासूकडं बघितलं, आन् म्हणली, न्हाय बाई, ती आमी न्हवं, आमच्या पोरीला कवा काय झालं न्हाय.

माझ्या अंगाची लाही झाली. पर पुरीच्या पुरी गोष्ट मला एका क्षणात कळली, मीबी ह्याच मातीतली की. लगीन जमवताना पोरीत खोट हाय असं कोण सांगतंय? पोरगी मरता मरता वाचली म्हणलं असतं तर कदमांनी उंबऱ्यात पाय ठिवला असता का? त्यांनी झाकलं, आन् झाकलेलं आता इहिणीम्होरं उघडायचं कसं. मी डाक्टरीणबाईंना म्हणलं, बाई, थांबा, हिला एक औषध सोसत न्हाय, टेस्टनंच जीव जाईल. त्या म्हणल्या, कंचं? मला नाव कुटं येत व्हतं! त्या म्हणल्या, शेवंताबाई, समदीच औषधं बंद ठेवू का? मंग तापानं जाईल. कागद आणा. अर्धा तास थांबते, त्येच्या वर थांबता यायचं न्हाय मला.

कागद आणा म्हणलं, पर कुणाच्या नावाचा? सोनी हे लाडाचं, आन् लक्ष्मी हे सासरचं. मी त्या माऊलीचा हात धरून तिला खाली बसवलं आन् म्हणलं, पोरीचं माहेरचं नाव सांगा. तिनं हात सोडवून घेतला. म्या म्हणलं, मावशी, तुमाला पोरीची आण हाय. मंग बारीक आवाजात म्हणली, द्वारका. आडनाव? खरात. बापाचं नाव? तितं आडलं. खरातांची वहीत सात पानं, त्यात द्वारकाबी ढीगभर, बापाच्या नावाबिगर कंची म्हणून शोधू? आन् पोरीचा बाप म्हंजे हिचा मालक, त्येचं नाव ही कशी घेणार. बाप गावाकडं. संगं दुसरं कुणी न्हाय. म्या म्हणलं, घ्या की नाव, पोरगी चाललीय तुमची! बाईनं पदर तोंडावर वढला, उठून उभी ऱ्हायली, आन् अशी वरडली की समदा वार्ड वळून बघाय लागला. नामदेव! नामदेव खराताची लेक हाय ती, दुष्काळात हितंच मरत व्हती, आमीच झाकलं, इहीणबाई, आमीच झाकलं!

सासूचं त्वांड बघायला मी थांबले न्हाय. धावत रेकाटात आले. भाऊसाहेब डबा उघडून बसलेले, पैला घास हातात. म्या एका दमात समदं सांगितलं. मला वाटलं आता नियम सांगतील, अर्ज आण म्हणतील. पर त्यांनी घास तसाच डब्यात ठिवला, धोतर खोचलं आन् सोता शिडीवर चढले. मी वहीतनं नंबर काढला, त्यांनी गाठोडं खाली टाकलं, धुरळ्यानं दोघंबी आंधळी झालो. गाठ सुटंना तर भाऊसाहेबांनी, ज्यांनी जल्मात कंच्या गाठोड्याला धक्का लावू दिला न्हाय त्यांनी, कापड टराटरा फाडलं. आन् घावला! पिवळा पडलेला, पर लाल शाई तशीच. भाऊसाहेबांनी तो माझ्या हातात कोंबला. म्हणले, पळ.

डाक्टरीणबाईंनी पेपर वाचला आन् शिस्टरच्या हातातली भरलेली सुई घिऊन टेबलावर ठिवली. हेच औषध होतं म्हणल्या. एवढंच बोलल्या. मंग दुसरंच औषध मागवलं, बाटलीतनं लावलं. तिसऱ्या दिशी पोरीचा ताप उतरला, तिनं डोळं उघडलं आन् बाळ मागितलं. मी बाथरूममधी जाऊन पोटभर रडले, असं हलकं वाटलं की बास.

आन् सासूचं सांगायचं ऱ्हायलंच की. मला वाटलं आता पोरीला माहेरी धाडते. पर ती बाई काय म्हणाली, इहिणीला समोर बसवून म्हणाली, तुमाला काय वाटलं, मी पोरीला टाकली असती? अवो, माझ्या नातवाला आईबिगर ठिवणार व्हतात तुमी! आन् लई शिव्या दिल्या, आन् शिव्या दिता दिता आपल्या कपातला निम्मा च्या तिच्या बशीत वतला. दोघी एकाच खाटंवर बसून प्याल्या.

दुसऱ्या आठवड्यात भाऊसाहेबांनी पट्टी घिऊन वहीत नवा रकाना आखला. मला म्हणले, शेवंताबाई, वर काय लिहू? म्या म्हणलं, माहेरचं नाव. तवापासनं खिडकीवर हरेक बाईला म्या इचारलं, माहेरचं नाव सांगा. आदी बाया बावरायच्या, इतक्या वरसांनी कुणी इचारलंय! मंग आसं काय हसू यायचं त्यांच्या तोंडावर. एक म्हातारी तर पाच मिनटं आठवत बसली, आन् सापडलं तवा टाळी वाजवली. मागची रांग वरडत व्हती, वरडू दे.

आता माझं काय, रिटायर होऊन लई वरसं झाली. मालक गेले, भाऊसाहेबबी गेले. गुडघं बोलतात, बीपीची गोळी चालू हाय. गेल्या म्हयन्यात नातीनं त्याच दवाखान्यात नेलं. रेकाटाची खोलीच न्हाय वो तितं आता! गाठोडी न्हाईत, धूळ न्हाय, काचंच्या खोलीत एक पोरगी कंप्युटरवर बसलेली. फोनचा नंबर टाकला की माझं समदं म्होरं हाजर, कवा बीपी किती व्हता, कंची गोळी, आन् पडद्यावर वर लाल पट्टी, ॲलर्जी आहे का? पैला सवाल तोच. मी म्हणलं, बरं झालं बाई, लई बरं झालं. आता कुणाच्या आयेला वार्डात वरडावं लागायचं न्हाय, कुणा शेवंताच्या आठवणीवर कुणाचा जीव टांगणीला लागायचा न्हाय.

पोरगी म्हणली, आजी, आधीचं काही नाव होतं का? रकाना आहे इथं, भरू का?

काय सांगू तुमाला. हजारो बायांना मी इचारलं, मला कुणी इचारलं न्हवतं. मलाबी त्या म्हातारीगत आठवावं लागलं. मंग म्या म्हणलं, लिव बाळा, गजरा गणपत लोखंडे. नातीनं माझ्याकडं बघितलं, तिला ठावंच न्हवतं. पोरीनं टकाटका लिवलं आन् पडदा माझ्याकडं वळवला, हे बघा आजी, बरोबर आहे का? चष्मा लावून वाचलं. दोनी नावं एका वळीत. म्या तिच्या डोक्यावरनं हात फिरवला आन् म्हणलं, बरोबर हाय गं माय, सुखी ऱ्हा.