मामा की बाबा

आमचं मूळ वेंगुर्ल्याकडचं, पण माझा जन्म घोडपदेवचा. नवरा गिरणीत होता, तो छातीच्या दुखण्यानं गेला, मग मी परळला मुक्याबहिऱ्या मुलांच्या शाळेत लागले. तिथं कुसुम म्हणून एक पोरगी होती, ठार बहिरी, वर्गातून सारखी उठून पळायची, तर तिच्या एकटीसाठी मला ठेवलं. मोठ्या बाई ओठ वाचायला शिकवायच्या, मी तिचा हात धरून त्यांच्या नाकावर ठेवायचे. कारण काय सांगू तुम्हाला, मामा म्हणा, बाबा म्हणा, ओठ सारखेच मिटतात, बघून कळत नाही. म म्हटलं की नाक थरथरतं, ते बोटाला कळतं.

मग ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले, मोर्चे आणि गोळीबार. एका दुपारी कुसुमची आई फाटकाशी आली, तिचा भाऊ गोळी लागून गेला होता. बाहेरूनच पोरीला म्हणाली, मामा गेला गं, मामा गेला. मला म्हणाली, हे इस्पितळात प्रेत आणायला गेलेत, हिला आज इथंच राहू दे, आणि तशीच वळली. मधे गज होते, हात कुठं पोचणार. पोरगी रडली नाही. मला वाटलं, कळलं नसेल. पण जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी बाप न्यायला आला. तिनं जाऊन त्याच्या दंडाला चिमटा काढला. तो म्हणाला, अहो बाई, मी काय भूत आहे? मोठ्या बाई तिथंच होत्या. म्हणाल्या, हिनं काल मामाचं बाबा वाचलं.

त्यानंतर कुणी तोंड उघडलं की ती डोळे मिटायची. बहिऱ्या पोरीनं डोळे मिटले की संपलं, दुसरं दार नाही. शाळेचे सेक्रेटरी म्हणाले, शिकत नसेल तर जागा दुसऱ्या मुलाला द्या. मोठ्या बाई म्हणाल्या, थोडं थांबा, आणि आम्हाला सांगितलं, हिच्याशी कुणी बोलायचं नाही, नुसतं जवळ बसायचं. शिवणाच्या बाई म्हणाल्या, या मालवणी बाईला गप्प बसवताय, उद्या सूर्य माहीमच्या बाजूनं उगवेल. पण बसले मी गप्प. किती दिवस, ते आठवत नाही. एकदा डबा खाताना तिनं माझी हनुवटी धरली, तोंड आपल्याकडे वळवलं आणि ओठांकडे बघत राहिली. मी म्हटलं, जेव. ती जेवली. शाळेत राहिली.

आता ती हिंदमाताच्या कापडबाजारात साड्यांना फॉल लावते, पोरंबाळं आहेत. अधूनमधून येते. माझे दात गेले, ओठ आत गेले, मी काय बोलते ते तिला कळत नाही. तरी मान हलवते. मीही बोलते. चांगलं होवो तिचं.