जांभळापासून सात पावलं

...आणि वर माफी मी मागायची! ऐकताय ना? ज्या माणसाच्या हातातली पेटती काडी मी हाणून पाडली, त्याच माणसाच्या पायावर डोकं ठेवून मी म्हणायचं, तात्या, चुकलं माझं. का? तर मोठ्यांच्या हातावर हात टाकला! बरोबर आहे. आळी उडाली तरी चालेल, मान जागेवर राहिला पाहिजे. मान आभाळातून खाली आला असता मग, तात्यांच्या चपलेसोबत!

नाही, थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही म्हणाल पोरगं उद्धट आहे. उद्धट आहेच. पण आधी ऐका.

मी इंद्रजीत. गाव हिंजवडी. म्हणजे पत्त्यावर हिंजवडी, डोळ्यांना काचेच्या इमारती आणि कंपन्यांच्या बसेस, आणि त्यांच्या फटीत आमचं घर आणि जमिनीची एक पट्टी. कर्वेनगरला मेकॅनिकल करत होतो, तिसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं? सर फळ्यावर हायड्रॉलिक पंपाचं चित्र काढायचे, आम्ही ते वहीत काढायचो, आणि लॅबमधला खराखुरा पंप बंद! त्याला दसऱ्याला हार घालायचे फक्त. मी एकदा तो उघडला तर मला ऑफिसात उभं केलं. म्हटलं, राहू दे तुमची पूजा, मी चाललो. तेव्हापासून घरात माझं नाव 'अर्धवट'. भाजी खारट झाली तरी काकू म्हणते, अर्धवटाला विचारू नका.

तर आमच्या सोनबा आप्पांचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा, एक बुटका ट्रॅक्टर होता, बागेतून फिरवतात तसला. त्याच्या मागं मी खड्डे पाडायचं मशीन बसवलं. सुताराचं गिरमिट बघितलंय ना? तेच, पण माझ्या छातीपर्यंत उंच, आणि फिरवायला सुतार नाही, तेलाचा दाब. ट्रॅक्टरमधून दोन पाइप मागं जातात, मोटर फिरते, गिरमिट जमिनीत. त्यावरही आप्पांचं म्हणणं होतंच, "शाफ्टवर फिरतं ते घे. दणका असतो त्याला."

म्हटलं, आप्पा, शाफ्टवालं अडकलं की तुटतं. हे अडकलं की तेल आपोआप मागं वळतं, मशीन थांबतं. आणि हे उलटंसुद्धा फिरतं.

"उलटं? खड्डा पाडायचाय का बुजवायचाय तुला? मला नको शिकवू. मला सगळं ठाऊक हाय."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला सगळं ठाऊक हाय. ह्या वाक्यानंतर आमच्या घरात आजवर एकही गोष्ट सरळ झालेली नाही. बोअर घेतला तेव्हा हेच वाक्य, आणि तो बोअर आजही कोरडा ठणठणीत!

आता काम काय, तर पट्टीला कुंपण. शेजारच्या सोसायटीचे लोक आमच्या जमिनीत गाड्या लावतात, कुत्री फिरवतात, परवा एकानं योगासनं सुरू केली. चाळीस खांब, चाळीस खड्डे. आणि आप्पांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "ह्या चाळिसातला एक खड्डा चुकू दे, मुळशीचं गिऱ्हाईक तयार हाय. ट्रॅक्टर त्याला देणार, आन् तू गुमान परीक्षेचा फॉर्म भरणार."

म्हणजे बघा... मी दीड वर्षात एकच गोष्ट स्वतःच्या हातानं उभी केली, आणि ती ह्यांच्या एका बोटावर! ट्रॅक्टर त्यांच्या नावावर ना. मशीन माझं, पण ट्रॅक्टरशिवाय मशीन म्हणजे काय? अंगणात उभा केलेला स्क्रू. त्यालाही दसऱ्याला हार घाला.

सकाळी अकराची वेळ. मी म्हटलं, आप्पा, इथं सोसायटीला जाणारं काय काय गाडलेलं असेल, आधी एक फोन करून विचारू.

"फोन? माझ्या जमिनीत काय हाय ते मी फोनवर विचारू? दोन वर्सांमागं हितं खणत हुते तवा मीच उभा हुतो."

कोण खणत होतं?

"कोण का असंना! पाण्यावाले, वायरवाले, लई येत्यात. जांभळापासून सातव्या पावलावर काय न्हाई, मोकळी जमीन हाय. मला सगळं ठाऊक हाय."

आता जांभूळ कुठंय? जांभूळ नाही! मी सातवीत असताना तोडलं. त्या जागी आता सोसायटीच्या वॉचमनची केबिन आहे. पण आमच्या गावात झाड तोडलं तरी मोजमाप झाडापासूनच. पिंपळाच्या पलीकडं, आंब्याच्या अलीकडं... आंबा नाही, पिंपळ नाही, पण अलीकडं-पलीकडं शाबूत! तर आप्पा गेले, केबिनला पाठ लावून उभे राहिले, वॉचमन बिचारा डबा खाता खाता थांबला, आणि आप्पा चालायला लागले. एक... दोन... तीन... सातव्या पावलावर टाच रुतवली, खुणेला चुन्याची फक्की टाकली, "हितं घे."

घेतलं! आपण काय, अर्धवट! लावलं गिरमिट, ओढला लिव्हर. पहिला फूटभर मुरूम आला, लाल, खडखडीत. मग अजून खाली... आणि एकदम बारीक वाळू यायला लागली. स्वच्छ! चाळलेली! आमच्या मुरमात चाळलेली वाळू कुठून येणार? कुणीतरी आणून टाकल्याशिवाय?

म्हटलं, आप्पा, वाळू येतेय.

"येणारच. हितं पूर्वी वढा हुता."

त्यांच्या बाजूला धोंडिबा तात्या. तात्या म्हणजे आप्पांचे दोस्त, काम काही नाही, पण गावात कुठंही खड्डा पडला की त्यात पहिले डोकावणार. तेही म्हणाले, "हुता, हुता. मी पवलोय त्यात." ओढा! ह्यांच्या जन्मात तिथं कधी गटारसुद्धा नव्हतं!

आणि तेवढ्यात पिवळं दिसलं. गिरमिटाच्या पात्याबरोबर प्लास्टिकची पिवळी पट्टी गुंडाळत वर आली. मी झटकन लिव्हर सोडला. गिरमिट थांबलं, ट्रॅक्टर नुसता धडधडतोय. पट्टीवर काळी अक्षरं. 'सावधान! खाली'... आणि पुढचं? पुढचं पात्याखाली चिणलेलं. सावधान, खाली! खाली काय? वीज आहे? पाणी आहे? राक्षस आहे? काय आहे?

मी फोन लावला मन्सूरला. मन्सूर माझा दोस्त, ह्या मशीनचे तेलाचे पाइप त्यानंच बांधून दिलेत, त्याला खड्ड्यातलं सगळं कळतं. म्हटलं, मन्सूर, अशी अशी पट्टी आली, काय करू?

"इंद्रा, ऐक. बिजली असेल तर सीटवरून खाली उतरू नको. एक पाय जमिनीवर आणि एक हात ट्रॅक्टरला, की तू गेलास."

बरं.

"आणि गॅस असेल तर एक मिनिट बसू नको. इंजिन बंद कर आणि पळ."

अरे, मग बसू का पळू?

"पट्टी वाच ना, भाई! इंजिनिअरिंग केलंस ना?"

अर्धं केलं.

"मग पट्टीपण अर्धीच वाचलीस! बाकीची वाच!"

आता माझी अवस्था बघा. बुड सीटवर, पाय वर उचललेले, हात मांडीवर, कारण कशाला टेकवायचे तेच कळेना. म्हटलं, उलटं फिरवू, पट्टी सुटेल, पुढचा शब्द दिसेल. लिव्हर हळूच उलटा. पाव फेरा. पट्टी सुटली. वाचतो तर 'लाईन आहे'. अरे लाईन आहे हे मलाही कळलं! कसली? मधलाच शब्द फाटलेला! अजून पाव फेरा. 'सावधान! खाली'. परत पहिल्यापासून! अजून उलटं घ्यावं तर खाली पात्याचं टोक कशाला घासतंय कुणाला माहीत. कपाळावरचा घाम डोळ्यांत जातोय, पुसायला हात हलवायची हिंमत नाही, आणि तिकडे आप्पा म्हणतात, "थांबलास कशाला? दे जोर, तुटंल काय आसंल ते."

तुटेल! म्हणजे तेच तर नकोय ना, आप्पा! मागं सरका सगळे! मी ओरडलो. एक जण सरकेल तर शपथ. उलट तात्या दोन पावलं पुढं! खड्ड्यात वाकून बघतायत! "काय न्हाई रं, रिबीन हाय."

रिबीन! आप्पा गालावर हात ठेवून विचार करतायत. आणि तात्यांची सवय सांगतो, विचार करायचा झाला की तात्यांना विडी लागते. विडीशिवाय त्यांचा विचार सुरूच होत नाही. नंतरही होत नाही म्हणा.

तेवढ्यात घराकडून मैनाकाकू आली, आप्पांची बायको, हात साबणाचे, "काय गं बाई, कसला आरडाओरडा?" तिला कोण सांगणार? आप्पा म्हणाले, "तू जा घरात, हितं मशीनचं चाललंय." पण काकू थांबली. पट्टीकडं बघितलं. आणि इतक्या शांतपणे म्हणाली, हो, इतक्या शांतपणे, "असंच पिवळं माझ्या धुण्याच्या दगडावर हाय की."

कुठला दगड?

"ह्यांनी नाही का हितनं उपटून आणून दिला, म्हशीच्या पायात येतोय म्हणून? मी पालथा टाकलाय, पाठ गुळगुळीत हाय. टाकताना वाचलं होतं की. त्यावर लिवलंय, गॅसची लाईन हाय, खणू नये. फोन नंबर पण हाय."

ऐकलंत? मी अकरा वाजता जो फोन करायचा म्हणत होतो, त्याचा नंबर आमच्याच घरात होता! पालथा! त्यावर माझीच पॅन्ट आपटली जात होती!

गॅस! मी चावी फिरवली, इंजिन बंद. आणि एकदम सगळं शांत झालं ना... तेव्हा ऐकू आलं. सोसायटीच्या वरच्या मजल्यांवरून कुकरच्या शिट्ट्या. एक इथून, एक तिथून. सगळ्यांच्या शेगड्या पेटलेल्या. आणि त्या शिट्ट्यांत अजून एक आवाज, अगदी माझ्या मागं... काडेपेटीच्या खोक्यातून काडी काढल्याचा.

तात्या! खड्ड्याच्या काठावर! तोंडात विडी!

तात्या, काडी नको!

"कसली काडी?" म्हणाले, आणि ओढली. फर्रर्र!

मी सीटवरून उडी कशी मारली, मला माहीत नाही. फटकन हातावर मारली, काडी पलीकडं ओल्या चिखलात, पेटी दुसरीकडं, तात्या तिसरीकडं. विडी तेवढी तोंडात. मला वाटलं आता लोकांना कळलं, आपण कशातून वाचलो. कळलं? आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "इंद्र्या! तात्यावर हात टाकलास?"

बोला आता!

दगड सरळ केला, नंबर लावला, अर्ध्या तासात गॅसवाल्या ऋतुजा मॅडम आल्या. हातात वास ओळखायचं यंत्र, सगळीकडं फिरवलं, खाली बसून हातानं वाळू बाजूला केली. पाइप शाबूत. पात्याचं टोक आणि पाइप यांच्यात एक वीत अंतर. एक वीत! मॅडम उठल्या, हात झटकले, "खूण कुणी केली होती?"

आप्पा आभाळाकडं बघतायत. तात्या चपला शोधतायत. मग आप्पा एकदम गोड आवाजात, "पोरगं नवीन हाय, मॅडम. शिकतंय."

"बरं, मशीन वेळेवर थांबवलं कुणी?" मॅडमनी विचारलं.

"ते... आमच्यात सगळी मिळून ठरवतात."

मॅडम गेल्यावर मी टेप घेऊन आप्पांच्या टाचांचे ठसे मोजले. आणि तुम्हाला सांगतो, आप्पा खोटं बोलत नव्हते हो! सातव्या पावलावर खरंच काही नव्हतं. पण ते पाऊल होतं दोन वर्षांपूर्वीचं, अडीच फुटांचं. मागच्या वर्षी आप्पांचे दोन्ही गुडघे बदलले. आता पाऊल पडतं दीड फुटाचं. माणूस तोच, झाड तेच, म्हणजे नसलेलं झाड तेच, आकडा तोच... आणि खड्डा सात फूट अलीकडं, बरोब्बर गॅसवर! म्हटलं, आप्पा, तुमचं पाऊल आखूड झालंय. तर म्हणाले, "जमीन सरकली आसंल."

संध्याकाळी बैठक. गॅसवर कुणी अवाक्षर काढलं नाही, दीड तास फक्त विडीवर! शेवटी निकाल. मी तात्यांच्या पाया पडायचं. पडलो. तात्या म्हणाले, "जाऊ दे, लेकरू हाय," आणि काडेपेटी मागितली. ट्रॅक्टर राहिला. पण अट, यापुढं कुठल्याही कामावर खड्ड्याची जागा आप्पाच दाखवणार, आणि सोबतीला तात्या. अनुभव पाहिजे ना!

तर आता असं चालतं. आदल्या दिवशी मी गुपचूप फोन करतो, नकाशा मागवतो. दुसऱ्या दिवशी आप्पा नसलेल्या झाडापासून चालतात, टाच रुतवतात, फक्की टाकतात, आणि उसाचा रस प्यायला वळतात. ते वळले की मी फक्की पायानं पुसतो, माझी तीन पावलं पुढं जातो आणि खड्डा घेतो. ते ग्लास ठेवून परत येतात, वाकून बघतात, खाली नुसता लाल मुरूम. खूश होतात.

"बघ! लागलं का काय? मला सगळं ठाऊक हाय."

मी म्हणतो, हो आप्पा. आणि तात्यांची काडेपेटी माझ्याच खिशात आहे ना, तेवढं चाचपून पुढच्या खड्ड्याला लागतो.