इंडक्शनला मफलर

सासरे : मी त्या दिवशीच म्हणालो होतो, भांड्यात पाणी कमी आहे. तर म्हणालीस, बाबा, हे इंडक्शन आहे, तुमचा बॉयलर नाही.

सून : म्हणाले होते. कबूल. पण हा विषय काढायला दुरुस्तीवाले दादा घरात यायची वाट बघत होतात का?

सासरे : साक्षीदार असलेला बरा.

दुरुस्तीवाला : ताई, फोनवर तुम्ही म्हणालात तापत नाही. हे तर तापतंय.

सून : तापतं हो, पण केव्हा? ही वही बघा. फ्रीजमधली दुधाची बाटली गरम पाण्यात ठेवून कोमट करायची, एवढंच काम. मंगळवारी अकरा मिनिटं. बुधवारी साडेअकरा, मध्ये दोनदा आपोआप बंद. काल बारा.

दुरुस्तीवाला : आणि हा शेजारचा रकाना? सगळीकडे चारच लिहिलंय.

सून : मुलगी किती वेळ धीर धरते तो. सात महिन्यांची आहे. चार मिनिटं कुरकुरते, मग सुरू होते.

सासरे : कारखान्याचा भोंगा परवडला. तो दिवसातून तीनदाच व्हायचा.

दुरुस्तीवाला : लहान मूल आहे, रडेल थोडं.

सून : थोडं नाही ना. एकदा आवाज लागला की बाटली तोंडात घेत नाही. दोन-दोन तास उपाशी. आणि सोमवारी मला कामावर हजर व्हायचंय. एकदा तारीख पुढे ढकलून घेतली. आमच्या मॅडम म्हणाल्या, पुन्हा मागाल तर तुमच्या जागी दुसरं कोणी बघते. नवरा फिरतीवर असतो. घरी राहणार हे दोघं. एकाला चार मिनिटं दम निघतो आणि दुसऱ्याला ऐकू कमी येतं.

सासरे : तेवढं ऐकू आलं.

दुरुस्तीवाला : भांडं बघू. हे बघा, बोट लावलं तर भोवऱ्यासारखं फिरतंय.

सून : बूड फुगलंय त्याचं. बाटल्या उकळायला ठेवल्या होत्या आणि मी वहीत लिहीत बसले.

दुरुस्तीवाला : काय लिहीत होतात?

सून : बाटल्या किती वेळ उकळल्या ते.

सासरे : पाणी आटलं, भांडं कोरडं तापलं, घरभर वास. मी आधीच सांगितलं होतं.

दुरुस्तीवाला : काका, ते झालं आता. ताई, या काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. ते काच तापवत नाही, थेट भांड्याचं बूड तापवतं. म्हणून बूड काचेला नीट टेकायला हवं. ह्याचं मधलं तेवढं टेकतंय, बाकी सगळं अधांतरी. पाणी किती घेता?

सून : अर्धा लिटर. वहीत आहे.

सासरे : काठोकाठ.

सून : काय?

सासरे : तू वही लिही, मी पाणी बघतो. बत्तीस वर्षं बॉयलर सांभाळला. पाण्याची पातळी खाली गेली की तो फुटतो. बत्तीस वर्षांत एकदाही जाऊ दिली नाही, आणि इथे माझ्या डोळ्यांदेखत भांडं करपलं.

दुरुस्तीवाला : अहो, एवढ्याशा बाटलीला दोन-अडीच लिटर पाणी? ते तापणार केव्हा? आणि इंडक्शनला हे काय गुंडाळलंय?

सासरे : मफलर.

दुरुस्तीवाला : कशासाठी?

सासरे : उष्णता वाया जाते. वाफेचे पाइप कोणी उघडे ठेवतं का? जाड वेष्टण घालतात.

दुरुस्तीवाला : काका, ह्याच्या पोटाखाली पंखा आहे. आतली यंत्रणा गार राहावी म्हणून तो हवा ओढतो. तुम्ही त्याचं नाकच बांधून टाकलंत. जीव गुदमरला की ते बंद पडतं.

सून : तीन दिवस मी हा मफलर बघतेय. मला वाटलं, वाळत घातलाय.

सासरे : म्हणजे रोजचा उशीर माझ्यामुळे होता.

सून : बूड मी फुगवलं, बाबा.

सासरे : ते एकदा. मी रोज. मग हिने कामावर जावं का नाही, ते सांगा. मला जमणार नसेल तर आत्ताच सांगा. मी वाईट वाटून घेणार नाही.

दुरुस्तीवाला : डोकं बरोबर चाललं तुमचं, जागा तेवढी चुकली. मफलर भांड्याला गुंडाळा, यंत्राला नको. काचेला लागू द्यायचा नाही. पाणी अर्ध्या लिटरच्या वर नाही, आणि झाकण ठेवायचं. सपाट बुडाचं भांडं माझ्या दुकानात आहे. जिना उतरलं की दुकान. आणतो.

सासरे : बुडाला लोहचुंबक लावून बघा, मगच आणा. चिकटला तरच घेऊ, नाहीतर इंडक्शनवर तापायचं नाही.

दुरुस्तीवाला : मी बावीस वर्षं हेच विकतोय, काका.

सासरे : तरी लावा.

(नवं भांडं आलं. तिसऱ्यांदा वेळ मोजून झाली आहे.)

सून : साडेतीन मिनिटं. बाटली कोमट.

सासरे : अजून एकदा लाव.

सून : बाबा, तीनदा झालं. तीनदा साडेतीनच.

सासरे : सोमवारी तू नसशील. अजून एकदा लाव.

(सोमवार, दुपारी दीड. सून कामावरून दुरुस्तीवाल्याला फोन करते आहे.)

सून : दादा, मी दुसऱ्या मजल्यावरची. इंडक्शनवाली.

दुरुस्तीवाला : पुन्हा बंद पडलं?

सून : छे, झकास चाललंय. बाबांनी फोनवर वही वाचून दाखवली. आता तेच लिहितात. सव्वादहाला कुरकुर, साडेतीन मिनिटांत बाटली तयार, सगळी संपवली. एकची पण संपवली. आता झोपलीय.

दुरुस्तीवाला : मग तुम्ही निवांत काम करा की.

सून : तेच करत होते. सहज विचारलं, जेवलात का. म्हणाले, नंतर. म्हटलं, बसलात कुठे. तर ओट्यासमोर, स्टुलावर. सकाळी आठपासून. तिला दूधही तिथेच बसून पाजलं, झोळीसुद्धा शेजारी ओढून घेतलीय. म्हटलं, बाबा, इंडक्शन बंद आहे, उठा, दोन घास खा. तर म्हणाले, ड्यूटीवरचा माणूस बदली आल्याशिवाय जागा सोडत नाही.

दुरुस्तीवाला : बत्तीस वर्षांची सवय ती.

सून : पण त्यांची साखरेची गोळी जेवणाबरोबरची असते. ती राहिली. आवाज पण मला जरा बारीक वाटला. सकाळपासून चार वेळा विचारलं मी, पण फक्त मुलगी कशी आहे, तेवढंच.

दुरुस्तीवाला : जाऊन सांगतो ना, जेवून घ्या म्हणून.

सून : सांगून नाही ऐकणार. दार लोटलेलंच आहे, बेल वाजवू नका, ती उठेल. तुम्ही फक्त आत जा, त्या स्टुलाशेजारी उभे राहा आणि म्हणा, मी बदली आलोय.