पुसून घे, एवढंच सांगायचं राहिलं

माझा जन्म कारखान्याच्या क्वार्टरमधला. वडील सरकारी शस्त्रांच्या कारखान्यात फिटर, पार तिकडे उत्तरेत, पण घरात बोली पक्की साताऱ्याची. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागेवर मला लावलं, रिव्हॉल्व्हर तपासायच्या खात्यात. काय सांगू तुम्हाला, पुरुष हसायचे, ही पोरगी काय तपासणार म्हणून, आणि चार वर्षांत तेच ट्रे घेऊन माझ्यापुढे उभे, बाई, एवढं ऐकून द्या. हो, ऐकूनच. गोळ्या नाहीत ना हे आधी बघायचं, दोनदा बघायचं, मग कानाजवळ धरून चाप हळू ओढायचा. सिलिंडरमध्ये गोळ्यांची सहा घरं, सहा आवाज, सहाही सारखे यायला पाहिजेत. एक जरी वेगळा आला की परत.

आता लेकाकडे, कॉव्हेंट्रीत. इथे भाजीची सुरी पर्समध्ये ठेवली तरी पोलीस विचारतील, तर माझी नोकरी कुणाला सांगू? लेक म्हणतो, आई, तू फॅक्टरीत होतीस एवढंच सांग. म्हणजे मी काय बिस्किटं केली का तीस वर्षं?

तर माझी धाकटी बहीण नलू. तालुक्याच्या कोर्टात वकील, एकटी राहते, आणि वाळू चोरणाऱ्यांच्या विरुद्ध केस घेऊन बसली. गाडीच्या काचा फोडल्या त्यांनी, पोलीस हिलाच म्हणतात, मॅडम, केस सोडा. मला इतका राग आला, म्हटलं रिव्हॉल्व्हरचं लायसन्स काढ. खेटे घालून काढलं तिने, आणि दुकानातून मला व्हिडिओ कॉल. दुकानदार एक चकचकीत दाखवतोय, नक्षीची मूठ, मॅडम, लेडीजसाठी हेच, पर्समध्ये बसतं. मी म्हटलं नले, नक्षी राहू दे, फोन रिव्हॉल्व्हरजवळ धर आणि चाप ओढायला सांग त्यांना. चौथा आवाज बोदा आला. परत. दुसऱ्याचं सिलिंडर डुगडुगत होतं, परत. दुकानदार वैतागला, म्हणे ताई इंग्लंडात बसून काय कळतं तुम्हाला. मी म्हटलं, दादा, तुमच्या दुकानातला माल माझ्या हातून गेलेला असेल, पुढचं दाखवा. तिसरं घेतलं. छोटं, काळं, साधं. सहा आवाज, सहाही खणखणीत.

खंडेनवमी जवळ आलेली. आमच्या कारखान्यात त्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा, हळद-कुंकू, अक्षता, फूल. म्हटलं नले, पूजा चुकवू नकोस हो. आणि पूजा झाली की लगेच सगळं पुसून काढायचं, हे आम्हाला अंगवळणी पडलेलं, तिला कुठून माहीत असणार? म्हटलं, उद्याच्या फोनवर सांगू.

तो उद्या आलाच नाही. झालं काय, नात माझी सात वर्षांची, तिने शाळेत सांगितलं, माय आजी चेक्स गन्स. झालं, शाळेचा फोन, सूनबाई काम टाकून धावत गेल्या, त्या लोकांनी तासभर बसवून विचारलं घरात कोण कोण असतं, आणि संध्याकाळी मला म्हणाल्या, आई, प्लीज, या घरात तो विषय नको. मी रागाने म्हटलं, नको तर नको. दहा दिवस नलूला फोन केला नाही. त्यांच्यावरचा राग, आणि तोंड बंद कुणाशी? तर नलूशी. आहे की नाही अक्कल?

अकराव्या दिवशी तिचाच फोन, हसतेय. ताई, तुझं रिव्हॉल्व्हर चाललं बघ! कोर्टातून येताना भर दुपारी दोघांनी गाडी अडवली, एकाच्या हातात सळई, हिने पर्समधून काढून नुसतं समोर धरलं, तर पळाले. चापाला हातसुद्धा लावावा लागला नाही म्हणे. मला काय वाटलं कोण जाणे, म्हटलं गोळ्या काढ. दोनदा बघ. आता ऐकव.

आवाज आला नाही. एकही नाही. चाप हलेचना. म्हटलं फोन जवळ घे, दाखव, तर तेलात कालवलेलं कुंकू सिलिंडरच्या फटीत सुकून घट्ट बसलेलं, आणि मागच्या ठोकणाऱ्या घोड्याच्या खाचेत अक्षतेचा एक दाणा. ते दोघे पळाले नसते तर? मी इतकी ओरडले तिच्यावर, इतकी, की शेजारची बाई कुंपणावरून विचारायला लागली, आर यू ओके, लव? नलू रडायला लागली. ओरडायचं खरं मला स्वतःवर होतं. पुसून घे, दोन शब्द, तेवढे सांगायला मला दहा दिवस लागले.

सुनेला सरळ सांगितलं, घरात नको ना, बागेतल्या शेडमध्ये बसेन, पण फोन करणार. आता दर रविवारी लॉनमोअरशेजारी खुर्ची टाकून बसते, आणि नलू गोळ्या काढून एकेक आवाज ऐकवते. केस चालूच आहे, ती सोडत नाही, मी सोड म्हणत नाही. फोन ठेवताना ती म्हणते, ताई, नमस्कार करते. मी म्हणते, शंभर वर्षं जग बाई माझी, पण थांब, सहावा आवाज अजून ऐकला नाही मी.